अल्सेशियन आणावा की कारवानी?



या सदरात आजवर आपण बीजप्रक्रियेपासून कांदाचाळीपर्यंत पुष्कळ विषय घेतले. कुत्र्यावर लिहावे लागेल असे मात्र कधी मनात आले नव्हते. पण मागच्या महिन्यात माढा तालुक्यातल्या एका वस्तीवरून चार पानी पत्र आले आणि ते वाचून झाल्यावर मी घरात सर्वांना वाचून दाखवले. पत्राची पहिली दोन पाने नवऱ्याच्या अक्षरात आहेत व पुढची दोन बायकोच्या. नवऱ्याचे म्हणणे, वस्तीवर अल्सेशियन आणावयाचा. बायकोचे माहेर लातूरकडचे, तिचे म्हणणे कारवानी आणावयाचा. शेवटी दोघांनी मिळून लिहिले आहे की, "साहेब, तुम्ही जे सांगाल ते आम्ही दोघे मान्य करू." पंच म्हणून बोलावल्यावर मागे सरता येत नाही. शिवाय असाच वाद आणखी पुष्कळ वस्त्यांवर चालू असणार, म्हणून उत्तर येथेच देतो.

वस्तीची हकीकत थोडक्यात अशी. आठ एकर जमीन, त्यात ऊस व कांदा. चार म्हशी, सहा शेळ्या, दहा-पंधरा कोंबड्या. घरात नवरा, बायको, सासूबाई आणि दोन मुले, थोरला आठ वर्षांचा व धाकटी पाच वर्षांची. घर पत्र्याचे. शेजारच्या भावकीची वहिवाट यांच्या अंगणाच्या कडेने जाते. गेल्या वर्षी दोनदा विहिरीवरची केबल चोरीस गेली, एकदा मोटार गेली. विहीर घरापासून दीडएक फर्लांग लांब आहे.

आता यातली शेवटची ओळ आधी घेऊ. चोरी होते विहिरीवर आणि कुत्रा बांधणार घरापुढे! बंधूंनो, रागावू नका, पण सव्वा लाखाचा कुत्रा आणला तरी दीड फर्लांगावरची केबल तो घरापुढे बसून कशी राखणार? आणि त्याला विहिरीवर एकटा बांधावा म्हणाल, तर रात्रभर एकटा बांधलेला कुत्रा चोर आला म्हणजे भुंकेल, तो भुंकतो हे तुम्हाला ऐकू येईल न येईल, आणि चोरांनी त्याला विषाचा तुकडा टाकला तर सकाळी केबलही गेलेली असेल व कुत्राही. मोटारीला लोखंडी पिंजरा करा, केबल जमिनीतून पाइपात घाला, स्टार्टरची पेटी पक्की करा. त्याला जो खर्च येईल तो कुत्र्याच्या खर्चात मिळवू नका. कुत्रा हा घर, गोठा व माणसे यांच्यासाठी आणावयाचा आहे, असे धरून मी पुढे लिहितो.

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. नावावरूनच कळते की ही मेंढपाळाची जात आहे. जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफनित्झ नावाच्या घोडदळातल्या कप्तानाने १८९९ साली एक मेंढपाळी कुत्रा विकत घेतला व त्याच्यावरून ही जात बांधली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांना जर्मन हे नाव नकोसे झाले, म्हणून त्यांनी तिला अल्सेशियन म्हणावयास सुरुवात केली. तेच नाव आपल्याकडे रुळले. इंग्लंडात १९७७ साली जुने नाव परत आले, आपण मात्र अजून अल्सेशियनच म्हणतो. सांगावयाचा मुद्दा असा की, हा कुत्रा दिवसभर धन्याच्या मागे राहून, धन्याच्या शिटीवर, धन्याच्या हाताच्या खुणेवर काम करण्यासाठी तयार झालेला आहे. पोलिसांत व लष्करात तो चालतो तो याच गुणामुळे. शिकवाल ते शिकतो. अनोळखी माणूस फाटकाशी आला की भुंकतो, आणि त्या भुंकण्यात दम असतो. नर खांद्याशी साठ ते पासष्ट सेंटिमीटर उंच व तीस ते चाळीस किलो वजनाचा. चोराने तो नुसता पाहिला तरी अर्धे काम होते. नवऱ्याचे म्हणणे खोटे नाही.

पण काम नसलेला अल्सेशियन काय करतो, ते मी घरात पाहिले आहे. ते लिहावे की नको याचा मी दोन दिवस विचार केला. लिहितो.

साल १९९४. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. गावी थोरल्या बंधूंच्या वस्तीवर चोऱ्या होऊ लागल्या, म्हणून त्यांनी शहरातून एक अल्सेशियन आणला. पिलू असताना सगळ्यांच्या मांडीवर. सहा महिन्यांचा झाल्यावर त्याने खुराड्यातली एक कोंबडी मारली, तेव्हापासून तो साखळीवर गेला. पत्र्याच्या शेडखाली, आठ हाताच्या साखळीवर, दिवस आणि रात्र. भाकरी पुढे टाकली जाई, पाणी ठेवले जाई, पण त्याला फिरवावयास कोणी नेत नसे. बंधूंना वेळ नव्हता, वहिनींना त्याची ताकद आवरत नव्हती. दोन वर्षांत तो असा झाला की साखळी जिथपर्यंत पोहोचे तिथपर्यंत जमीन खरवडून गोल खळे पडले होते, आणि त्या खळ्यात कोणी पाऊल टाकले की तो अंगावर येई. बंधू अभिमानाने म्हणत, "कसा तिखट आहे बघ!" मीही कौतुकाने हसलो होतो.

माझा पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा. त्याचा चेंडू त्या खळ्यात गेला. कुत्रा खात होता. पोर चेंडू घ्यावयास वाकले आणि कुत्र्याने त्याचा गाल धरला.

मी त्या दिवशी योगायोगाने वस्तीवर होतो. आई हळद घेऊन धावली, शेजारच्या एका म्हातारबाबांनी तिखटाची पूड आणली. ते सगळे बाजूला सारून मी पोराला नळाखाली धरले आणि अंगाच्या साबणाने जखम धूत राहिलो. पोर ओरडत होते, आई मला शिव्या देत होती. मग फटफटीवरून तालुक्याला आणि तेथून जिल्ह्याच्या गावी नेले. त्या काळी पोटात घ्यावयाची इंजेक्शने होती, रोज एक. तुमच्यापैकी ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगणे नको. ती जुनी लस आता राहिली नाही; २००४ च्या अखेरीस आपल्या देशात ती बंद झाली, आता दंडात घेतात व ती सोसवते. कुत्र्याला रेबीजची लस टोचली होती का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. टोचली नव्हती. मी शेतकी पदवीधर, गावोगाव जनावरांना लस टोचा म्हणून सांगत फिरणारा, आणि माझ्याच घरचा कुत्रा बिनलशीचा. दहा दिवस त्या कुत्र्यावर नजर ठेवली. तो धडधाकट राहिला, म्हणून आम्ही सुटलो. पुतण्या आज कर्ता माणूस आहे, त्याच्या गालावर खूण आहे. कुत्रा पुढच्या वर्षी वैशाखात त्याच शेडखाली उन्हाने मेला.

यात कुत्र्याचा दोष मला आजही काढता येत नाही. मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्या जातीला आम्ही आठ हाताच्या साखळीला बांधले. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, आणि नेहमी साखळीवर ठेवलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्यात हयगय करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मला पुढे वाचून कळले.

म्हणून अल्सेशियनचे पहिले मोल पैशात नसून वेळात आहे. सकाळी अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी तितकाच, असे वर्षाचे बारा महिने, उसाला पाणी असो की कांद्याची काढणी असो, कोणी तरी एकाने त्याला द्यावयाचे आहेत. त्याला "बस", "थांब", "सोड", "इकडे ये" एवढे चार शब्द पक्के आले पाहिजेत. हे घरातले एकच माणूस शिकवते, इतरांनी तेच शब्द वापरावयाचे. एकाने "बस" म्हणावयाचे आणि दुसऱ्याने "खाली" असे झाले तर तो गोंधळतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. थंड मुलखासाठी ते चांगले. आपल्या सोलापूर-बीडकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली त्याचे काय होत असेल? कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो तीच त्याची निवण्याची रीत. त्याला झाडाची सावली हवी, ओली जमीन हवी, वारा हवा. काही लोक उन्हाळ्यात त्याची हजामत करतात. तसे करू नये, तोच थर उन्हालाही थोडे अडवतो. रोज विंचरून गळणारे केस काढावेत. आणि केस किती गळतात! भाकरीच्या परातीत सापडू लागले की सासूबाई काय म्हणतील, याचा विचार पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी केलेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट खुब्याची. या जातीत मागच्या पायाच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशाने येतो. पिलू घेताना आई-बाप दोघांना, निदान आईला तरी, उठताना व चालताना पाहावे. कंबर फार उतरती असलेली, मागचे पाय फरफटल्यासारखी टाकणारी आई असेल तर पिलू कितीही गोंडस असो, उठून यावे. कान उभे नाहीत म्हणून मात्र नाकारू नका. या जातीच्या पिलाचे कान आधी पडलेले असतात, चार-सहा महिन्यांपर्यंत उभे राहतात.

आता भगिनींच्या कारवानीकडे वळू.

कारवानी म्हणजे आपल्या दख्खनचा कुत्रा. तांड्यांबरोबर, व्यापारी काफिल्यांबरोबर फिरणारा म्हणून कारवान. लातूर, धाराशिव, सोलापूर या बाजूला त्याला कारवानी म्हणतात, आणि कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावावरून त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. दोन नावांमुळे दोन जाती समजून पुष्कळ जण फसतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, ती निगुतीने वाढवली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत मुधोळचा हा कुत्रा होता, आणि २०१६ पासून लष्कराने मेरठच्या आपल्या केंद्रात त्याला शिक्षण द्यावयास घेतले. कान व शेपटीवर लांब रेशमी केस असलेला जो असतो त्याला पश्मी म्हणतात.

हा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. लांब तोंड, खोल छाती, कंबर अशी बारीक की मुठीत मावेल असे वाटावे. नर अल्सेशियनपेक्षा उंच असतो, पण वजनाला पुष्कळ हलका. निरोगी कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या व कमरेची हाडे दिसतातच. पाहुणे म्हणतील, "कुत्र्याला खावयास घालत नाही काय?" त्यांच्या नादी लागून त्याला लठ्ठ करू नये. पण याचाच फायदा घेऊन बाजारात उपाशी ठेवलेली कोणतीही लांब पायांची पिले कारवानी म्हणून खपवतात. यावर उपाय एकच, आई पाहिल्याशिवाय पिलू घ्यावयाचे नाही.

ऊन त्याला सोसते. केस आखूड, अंगावर चरबी नाही. आपल्या भाकरीवर, ताका-दुधावर, अधूनमधून अंड्यावर तो राहतो. स्वच्छ असतो, वास मारत नाही, फार भुंकतही नाही. थंडी मात्र त्याला बाधते. पौषात रात्री गोणपाट अंथरून, आडोशाला ठेवावे लागते. कातडी पातळ असल्यामुळे काटेरी तारेवरून उडी मारताना फाटून येतो. तुमच्या बांधाला तार असेल तर हे लक्षात ठेवा.

त्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण येथेच लोकांची निराशा होते. अल्सेशियन तुमच्या तोंडाकडे पाहतो, कारवानी क्षितिजाकडे पाहतो. तो वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर काही हलले की तो गेलाच, मग तुम्ही हाका मारत बसा. अंगाला परक्याने हात लावलेला त्याला खपत नाही. घरच्यांवर जीव असतो, पण तो लाडीगोडी करून दाखवत नाही. "बस" म्हटल्यावर तो बसेल, पण आधी तुमच्याकडे असा पाहील की जणू उपकार करतो आहे. मारून तर तो मुळीच शिकत नाही. एकदा काठी खाल्लेला कारवानी त्या माणसाला पुन्हा जवळ येऊ देत नाही.

मी मराठवाड्यात नोकरीस असताना एका घरी मुक्कामाला असे. त्यांचा कारवानी घरच्या शेळ्यांत झोपत असे, करडे त्याच्या पाठीवर उड्या मारत. तोच कुत्रा एके दिवशी ओढ्यापलीकडे पळत सुटलेल्या शेजाऱ्याच्या कोकरामागे लागला आणि कोकरू मेले. घरच्यांना पटेना की आपला कुत्रा असे करील. पण त्याच्या नजरेने घरचे बसलेले करडू वेगळे आणि परके पळणारे कोकरू वेगळे. कोकराची भरपाई झाली, पण दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद होते. ज्यांच्या शेजारी मेंढरांचे वाडे आहेत, किंवा ज्यांचे घर हमरस्त्याला लागून आहे, त्यांनी कारवानी मोकळा सोडताना दहा वेळा विचार करावा. रस्त्यापलीकडे ससा दिसला तर मधला ट्रक त्याला दिसत नाही.

सशावरून आठवले. कारवानी आणला की गावातली चार पोरे शिकारीला चला म्हणून मागे लागतात. ससा, हरीण, काळवीट यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा १९७२ चा, पण अजून पुष्कळांना वाटते की कुत्र्याने धरले तर आपला काय दोष? दोष तुमचाच. तुरुंगही तुमचाच.

राखणीला तो कसा, हे बायकोच्या पत्रात नाही आणि नवऱ्याने नेमके तेच विचारले आहे. खरे सांगावयाचे तर कारवानी हा जातीचा पहारेकरी नव्हे. काही चांगली राखण करतात, काही नुसते उभे राहून पाहतात. रात्री परक्याची चाहूल लागताच भुंकून वस्ती जागी करण्यात आपला गावठी कुत्रा दोघांच्याही वरचढ असतो. तुम्ही मला दोघांतला एक निवडावयास सांगितले आहे म्हणून तिसऱ्याचे नाव घेत नाही, पण घरी गावठी कुत्री आधीच असेल (पत्रात तिचा उल्लेख ओझरता आला आहे, "आमची जुनी कुत्री म्हातारी झाली") तर तिला हाकलू नका. ती भुंकेल, नवा कुत्रा उठेल. दोघांत मिळून काम होईल.

आणि बिबट्याचे काय? माढ्याच्या बाजूलाही आता उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून असतात, जुन्नर-अकोल्याकडे तर नित्याचे झाले आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने शेकडा ३९ भाग कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-गाईंपेक्षा जास्त! म्हणजे जो राखण करावयाचा त्याच्यावरच बिबट्याचा डोळा. अल्सेशियन काय, कारवानी काय, साखळीवर बांधलेला कुत्रा त्याला आयताच सापडतो. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कुत्रा बंद जाळीच्या खोलीत किंवा घराच्या पडवीत, दार लावून ठेवावा. आत राहूनही तो भुंकतोच.

एवढे सगळे मांडल्यावर आता निवाडा. पत्रात एक वाक्य आहे, बायकोच्या अक्षरातले. "आणणार हे, पण भाकरी मीच घालणार आणि शेणही मीच काढणार." या वाक्यावर मी निवाडा देतो. बंधूंनो, तुम्ही पहाटे उसाला पाणी धरावयास जाता, दिवसा कारखान्याच्या व बाजाराच्या फेऱ्या असतात, असे तुम्हीच लिहिले आहे. अल्सेशियनचा रोजचा दीड तास तुमच्याजवळ नाही. चाळीस किलोचा नर तुमच्या मंडळींना साखळीवर आवरणार नाही, सासूबाईंना तर तो प्रेमाने उडी मारूनही पाडील. अंगणाच्या कडेने भावकीची वहिवाट, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा परके माणूस त्याच्यासमोरून जाणार. तुम्ही त्याला बांधणार. बांधलात की दोन वर्षांनी तुमच्या अंगणात ते गोल खळे पडणार. आणि तुमची धाकटी पाच वर्षांची आहे.

तेव्हा कारवानी आणा, आणि त्यातही मादी आणा. मादी अंगाने थोडी लहान, घर सोडून कमी भटकते. आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय पिलू आईपासून तोडून आणू नका. पंधरा-वीस दिवसांची पिले विकणारे भेटतात, त्यांच्याकडे फिरकू नका. आणल्या दिवसापासून तिला शेळ्या-कोंबड्यांत, पण तुमच्या नजरेसमोर वाढवा. अंगणाला पाच-सहा फूट उंच जाळी करा, म्हणजे वहिवाटीच्या माणसांनाही भीती नको. तुमच्याकडे आठ एकर आहे, उसाची तोड झाल्यावर मोकळ्या रानात सकाळ-संध्याकाळ पळू द्या, आजूबाजूला मेंढरे नाहीत एवढे आधी पाहून. वर्षभराची झाली की दवाखान्यात नेऊन नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. नाही तर वर्षातून दोनदा गावातले सगळे कुत्रे तुमच्या जाळीशी मुक्कामाला येतील. भूल देण्यापूर्वी ही कारवानी जातीची आहे, असे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण अशा चरबी नसलेल्या कुत्र्यांना काही भुलीची औषधे जास्त चढतात.

नवऱ्याला हे फार कडू लागणार असेल तर एक सवलत देतो. मुले मोठी झाल्यावर, तुमच्या कामाची घडी बसल्यावर, वर्षभर रोज सकाळी या कारवानीला तुम्ही स्वतः फिरवून दाखवा. दाखवलेत तर पुढे अल्सेशियन आणावयास माझी हरकत नाही. तुमच्या मंडळींना साक्षीदार ठेवा.

आता जात कोणतीही असो, जे चुकवावयाचे नाही ते सांगतो. पिलू आणताच जंताचे औषध, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, मग दर तीन महिन्यांनी. सहा ते आठ आठवड्यांचे असताना डिस्टेंपर व पार्व्होची लस सुरू करावी व डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची घ्यावी. रक्ताची हगवण लागून पिले पटापट मरतात ती या पार्व्होने. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, महिन्याने दुसरी, मग दरवर्षी न चुकता. कार्ड घरात गणपतीच्या फोटोमागे ठेवा, म्हणजे सापडते. म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेले औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. त्याचे प्रमाण वेगळे, कुत्रा दगावू शकतो. शिजलेली कोंबडीची हाडे घालू नका, ती टोकदार फुटून आतड्यात रुततात. बकरे कापल्यावर कच्चे काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची आपली सवय आहे. त्यातून कुत्र्याला एक बारीक टेपवर्म होतो आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्याच्या गाठी होतात. तुमच्याकडे कांदा पिकतो म्हणून सांगतो, कांदा कुत्र्याला विषासारखा आहे, शिळ्या भाजीतलाही, द्राक्षे-बेदाणेही तसेच.

कुत्रा चावला, मग तो घरचा असो की दारचा, तर नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. खोल जखम असेल, तोंडावर किंवा डोक्यावर असेल तर लसीशिवाय जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जावे, पण ते चुकवू नये. लसीच्या सगळ्या तारखा पाळाव्यात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग इलाज नाही.

मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या: कुत्रा खात असताना जवळ जाऊ नये, झोपला असताना अंगावर जाऊ नये, आणि चेंडू कुत्र्याजवळ गेला तर आईला हाक मारावी.

पत्राच्या शेवटी तुमच्या थोरल्याने पेन्सिलीने लिहिले आहे, "कुत्र्याचे नाव काय ठेवू?" ते बाळ तूच ठरव, आणि मला कळव. फक्त दोन अक्षरी ठेव, लांबून हाक मारताना बरे पडते.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळी. पक्षिथांबे उभे करण्यासाठी एकरी आठ-दहा काठ्या आतापासून तोडून ठेवाव्यात.